आधी समोरच्याचं, मग आपलं

संस्थेचे अध्यक्ष आदरणीय गोवर्धनजी भुयार, प्रमुख पाहुण्या आणि आमच्या माजी प्राचार्या सत्यभामाबाई, ज्यांच्यासाठी आज ही खुर्च्यांची ओढाताण झाली ते सत्कारमूर्ती प्राध्यापक अब्दुल गफ्फार सर, व्यासपीठावर बसणार नाही असं तीनदा सांगून अखेर बसलेल्या जैनबबी भाभी, सहकारी प्राध्यापक, अकोल्याहून, तिवशाहून, थेट सेमाडोहहून आलेले माजी विद्यार्थी, आणि पंख्याखालच्या जागा आधीच धरून ठेवलेले आजचे विद्यार्थी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी रागिणी. सरांची विद्यार्थिनी, पुढे त्यांच्याच विभागात त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणारी. मला दहा मिनिटं दिलेली आहेत. माझ्याआधीचे वक्ते सरांच्या विनोदबुद्धीवर, हस्ताक्षरावर आणि भाभींच्या हातच्या खिचड्यावर बोलले. ते सगळं खरं आहे. हस्ताक्षराबद्दल मात्र एक दुरुस्ती. फळ्यावरचं जे वळणदार अक्षर तुम्ही पाहता ते सरांचं दुसरं अक्षर आहे. ते डाव्या हाताचं आहे. उजव्या हाताचं पहिलं अक्षर माझ्या वयाच्या लोकांनीच पाहिलंय. ते याहून बरंच वाईट होतं.

आता, तो हात कसा गेला हे मी सांगू नये अशी सूचना मला करण्यात आली होती. सूचना नम्र होती. समारंभ आनंदाचा आहे, तो एक प्रसंग सोडून बोला, असं सांगितलं गेलं. मी होही म्हटलं होतं. पण परवा निमंत्रणपत्रिका हातात आली. तिच्यात सरांच्या कार्याच्या यादीत ‘प्रतिरूप संविधान सभा’ आहे, आणि पुढे कंसात लिहिलंय, ‘यंदापासून बंद’. सरांच्या निरोपाबरोबर सभेचाही निरोप उरकून घ्यायचा आहे हे मला पत्रिकेवरून कळलं. मग विचार केला, एकाच्या निरोपाला बोलावलं आणि दोघांना निरोप द्यायला लावला, तर दोघांबद्दल बोलणं भागच आहे. अध्यक्ष महोदय, मी मर्यादा सोडणार नाही. सोडली तर घंटी वाजवावी.

नव्या मुलांना सांगते. ही सभा म्हणजे वक्तृत्व स्पर्धा नव्हे. दरवर्षी जानेवारीत आमचा वर्ग एक नवं संघराज्य उभं करायला बसायचा. जणू इंग्रज कालच गेले, आणि आपल्यापुढे कोरा कागद आहे. पाच प्रांत, पाचही नद्यांच्या नावाचे: पूर्णा, पेढी, वर्धा, मोर्णा आणि सिपना. कोणी कुठल्या प्रांताचं, आणि कुठल्या ठरावाच्या बाजूचं की विरोधातलं, हे चिठ्ठी टाकून ठरायचं. मनात काय आहे ते विचारलं जात नसे. आणि सरांचा एकच नियम होता. तो मोडला की सर खाली बसवायचे. बोलायला उठलेल्याने पहिल्यांदा समोरच्याचं म्हणणं सांगायचं. नुसतं सांगायचं नाही, समोरचा स्वतःच्या तोंडाने ‘बरोबर’ म्हणेपर्यंत सांगायचं. नंतर स्वतःचं.

‘पैले त्याचं सांग,’ सर म्हणायचे, ‘मंग तुयं. त्याचं धड सांगता येत नाई, त तू भांडून कोनासंगं राह्यला, बापा?’

हे ऐकायला सोपं आहे. करून बघा. मी मी म्हणणारी मुलं तिथे घामाघूम होत.

१९९८ सालची सभा पहिल्या दिवसापासून तापलेली होती. त्या वर्षी कपाशी हातची गेली होती. आमच्यातल्या निम्म्यांचे घरून येणारे डबे बंद झाले होते, खोलीवरच्या तिघांत एक डबा पुरवायची सवय लागली होती. पोटात असं काही असलं की माणूस शब्दाला फार लवकर चिडतो. पहिलं कलम गणराज्याच्या नावाचं. पूर्णावाल्यांना पूर्णा हवं, मोर्णावाल्यांचं म्हणणं की हा अमरावतीवाल्यांचा डाव आहे. राजधानीवरून तर बाकाचा पाय मोडला. खरंच मोडला, आणि तो पाय हातात घेऊन एक सन्माननीय सदस्य दुसऱ्या सन्माननीय सदस्याच्या मागे मैदानापर्यंत धावला. सरांनी दोघांना परत आणून बसवलं आणि निर्णय दिला, ‘राजधानी मूर्तिजापूरले ठेवू. अकोल्यावाल्यायले आन अमरावतीवाल्यायले सारखाच तरास.’ सगळे हसले. पण नाव काही ठरलं नाही. पहिलं कलम तहकूब झालं. आमचं गणराज्य बिननावाचंच पुढे निघालं.

हे नाव नसणं लक्षात ठेवा.

चौथ्या दिवशीचा ठराव होता, घटक प्रांताला संघातून बाहेर पडण्याचा अधिकार असावा. बाजूची चिठ्ठी निघाली गजालाची. गजाला आज अकोल्याच्या शाळेत शिकवते, समोर बसली आहे. तेव्हा ती वर्गातली सगळ्यांत कमी बोलणारी मुलगी होती. वडिलांचा संत्र्यांचा व्यापार, घरून सांगितलेलं, कॉलेजात मान खाली घालून जायचं. विरोधाची चिठ्ठी निघाली शेखरची. शेखर अकोल्याचा, आवाज मोठा, आणि मनातून अगदी चिठ्ठीवरचंच मत असलेला. देश, संघ, एकी, या शब्दांना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. गजालाला तो आदल्या संध्याकाळी सायकल स्टँडवर म्हणाला होता, ‘उद्या तुले रडवतो, पाह्य.’ ती म्हणाली, ‘पैले माझं नीट सांगून दाखव. मंग रडव.’

सभेची एक पद्धत होती. आजचा ठराव आणि बोलणाऱ्यांची नावं कॉलेजच्या फाटकाशी, रस्त्यावरच्या फळ्यावर लिहायची. एरवी वर गणराज्याचं नाव असायचं, काहीतरी विचित्र, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला कळायचं की हा पोरांचा खेळ आहे. त्या दिवशी नाव नव्हतं. नाव तहकूब होतं. म्हणून फळ्यावर फक्त एवढंच आलं: प्रजासत्ताकातून बाहेर पडण्याचा अधिकार असावा. बाजूने, कु. गजाला.

आमच्यापैकी एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. आम्ही चार दिवस त्या राज्यातच राहत होतो.

दुपारपर्यंत ती ओळ बडनेरा रोडच्या टपऱ्यांवर पोचली. तिथे ती अशी झाली की कॉलेजात एक मास्तर पोरींकडून देश तोडायचा ठराव पास करून घेऊन राहिला. कोणी तसं केलं, कोणी पोरं गोळा करून पाठवली, हे कोर्टात सिद्ध झालं नाही. त्यामुळे मीही कोणाचं नाव घेणार नाही. मला वाटतं ते सांगायला हा माइक नाही.

गजालाचं बोलून झालं होतं. शेखर उठला होता. नियमाप्रमाणे तो आधी तिचं म्हणणं सांगत होता, आणि मला कबूल केलं पाहिजे की तो ते तिच्यापेक्षा चांगलं सांगत होता. त्याचा तो मोठा आवाज. ‘ज्या प्रांताचा कापूस जातो आणि ज्याचा भाव दुसरीकडे ठरतो, त्या प्रांताला बाहेर पडायला दार पाहिजे. दार असलं म्हणून कोणी घर सोडून जात नाही. पण दारच नसेल तर त्याला घर म्हणता येत नाही.’ गजाला ऐकत होती. तिने ‘बरोबर’ म्हणायला तोंड उघडलं असावं. मला तसं दिसल्यासारखं आठवतं. आठवलेलं आणि घडलेलं यात फरक असतो हे मला माहीत आहे. मी रोजनिशी लिहिणारी बाई आहे, आणि त्या दिवसाचं पान मी बऱ्याच वर्षांनी लिहिलं.

दार लाथेनेच उघडलं.

वीसेक असतील. शेजारी ग्रंथालयाचं बांधकाम चालू होतं, तिथल्या सळया त्यांच्या हातात होत्या. सायकलच्या चैनी होत्या. पहिल्यांदा त्यांनी ट्यूबलाइट फोडल्या. का ते अजून कळलेलं नाही, दुपार होती. काचा आमच्या डोक्यावर पडल्या. मग बाकं. माणसांना मारण्याआधी ते वस्तूंना मारत सुटले, जणू हात मोकळा करून घेत होते. मुलं खिडक्यांकडे पळाली. माझ्या शेजारच्या मुलीचा हात खिडकीच्या गजात अडकला आणि त्यावर कोणीतरी सळई मारली. तो आवाज मी सांगणार नाही.

‘गजाला कोन हाय बे?’

कोणी बोट दाखवलं नाही. तेव्हा त्यांच्यातला पुढचा, सूर्यभान त्याचं नाव, तो आमच्याच कॉलेजातून वर्षापूर्वी बाहेर पडलेला होता, तो शेखरकडे वळला. कारण शेखर अजून पोडियमपाशी उभा होता.

‘आमी बाहीरून आयकून राह्यलो. दार पायजे, बाहीर पडाले पायजे, हे तूच म्हनत होता ना बे? हे तुयं म्हननं हाय?’

हा प्रश्न मी गेली अठरा वर्षं स्वतःला विचारते. शेखरचं ते म्हणणं नव्हतंच. त्याच्या आयुष्यभराच्या मताच्या ते उलट होतं. नुसतं ‘नाही’ म्हणायचं होतं, ते खरंही होतं. पण ‘नाही’च्या मागून ‘मग कोणाचं’ आलं असतं, आणि गजाला पहिल्या बाकावर, त्याच्यापासून चार हातांवर, ओढणीचं टोक दातात धरून बसलेली होती.

शेखर म्हणाला, ‘हो. मायं हाय.’

चैन पहिल्यांदा खांद्यावर बसली. दुसऱ्यांदा तोंडावर. तो पडला नाही, त्याने पोडियम धरून ठेवला, आणि त्यामुळे तिसऱ्यांदा मारणं सोपं झालं. सर खुर्च्यांवरून आले. खुर्च्यांमधून नाही, वरून. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस. त्यांनी शेखरच्या डोक्यावर हात आडवा घातला आणि सळई त्या हातावर आली. हात मोडल्याचं मला नंतर कळलं, कारण सर ओरडले नाहीत. ते एकच म्हणत होते, ‘बस, बेटा. बस. झालं.’ कोणाला म्हणत होते? शेखरला की सूर्यभानला? मी त्यांना विचारलंय. त्यांनाही सांगता येत नाही. मग ती पोरं सरांना खाली पाडून लाथा घालू लागली, आणि शेखर, एक डोळा हाताने दाबलेला, आंधळ्यासारखा चाचपडत सरांच्या अंगावर येऊन पडला. दोघांवर मिळून मार बसला. रक्त कोणाचं कुठलं ते नंतर सरांच्या शर्टावरून ठरवता येत नव्हतं.

ते गेले तेव्हा कोणीतरी जाता जाता घोषणा दिली. बाकाखाली बसलेल्यांपैकी मी एक होते.

शेखरचा डावा डोळा वाचला नाही.

सरांचं मोठेपण सांगायला उभी राहिले आहे, तेव्हा दोन गोष्टी सांगून पुढे जाते.

पहिली भाभींची. गजालाच्या वडिलांनी कॉलेजातून तिचं नाव काढलं. दोष त्यांना देता येत नाही, त्यांच्या दुकानाच्या पेट्या रस्त्यावर फेकल्या होत्या, घरावर दगड आले होते. सर दवाखान्यात. भाभी ऑटो करून गजालाच्या घरी गेल्या आणि ओट्यावर बसल्या. चहा आला तो घेतला नाही. गजालाचे वडील म्हणाले, ‘भाभी, हमें कुछ नहीं चाहिए. लड़की सलामत है, अल्लाह का शुक्र है.’ भाभी म्हणाल्या, ‘सलामत हाय ना? मंग कॉलेजात पाठवा. पोरगी घरी बसली, त त्या पोट्ट्याचा डोळा फुकट गेला म्हना.’ आणि त्या उठल्या नाहीत, गजाला चपला घालेपर्यंत. तिथून दोघी सरळ दवाखान्यात आल्या. शेखरच्या तोंडावर पट्टी होती. गजाला खाटेपाशी उभी राहिली आणि म्हणाली, ‘शेखर, बरोबर.’ बाकी काही नाही. त्याला कळलं. तो पट्टीतून म्हणाला, ‘मंग आता माई पाळी.’ सर पलीकडच्या खाटेवरून म्हणाले, ‘बरा हो पैले. पाळी कुठं जात नाई.’

दुसरी गोष्ट पोलीस ठाण्यातली. ओळख पटवायला सरांना नेलं, मीही साक्षीला होते. सूर्यभान समोर उभा. त्याला तिथेही मार बसला होता, ओठ फुटलेला होता. फौजदार म्हणाले, सर, बोट दाखवा आणि मोकळे व्हा. सरांनी बोट दाखवलं नाही. हात गळ्यात, चेहरा सुजलेला, आणि सर त्याच्याशी बोलू लागले.

‘सूर्यभान, तुयं म्हननं असं हाय, पाह्य. शेती गेली. शिक्षन सुटलं. धाकट्या बहिनीचं लग्न मोडलं. आता तुयापाशी एकच गोष्ट शाबूत उरली, तो हा देश. आन फाटकावर वाचलं का तोही कोनीतरी आतमंदी बसून मोडून राह्यलं, अन् ते बी हसत खेळत. तुले वाटलं, हे बी गेलं त मायापाशी काईच नाई. असंच ना?’

सूर्यभानने फुटलेला ओठ पुसला. मग खाली बघत म्हणाला, ‘बरोबर.’

मला वाटलं, आता सर त्याला सोडून देणार. फौजदारांनाही वाटलं असावं, त्यांनी पेन खाली ठेवलं.

सर म्हणाले, ‘आता मायं आयक.’ आणि फौजदारांकडे वळले. ‘यानंच मारलं. चैन याच्याच हातात होती. लिहा.’ सही त्यांनी डाव्या हाताने केली, उजवा पुढे कधी लिहिता झाला नाही. तीच ती त्या अक्षराची सुरुवात.

सूर्यभानला शिक्षा झाली. सुटून आल्यावर तो सरांच्या घरासमोर थुंकून गेला. ही गोष्ट गोड झालेली नाही, आणि मी ती गोड करणार नाही. पण समजून घेणं आणि सोडून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी राज्यशास्त्राच्या पुस्तकात शिकले नाही. त्या ठाण्यात शिकले.

दोन वर्षांनी सभा पुन्हा भरली. फळ्यावर गणराज्याचं नाव असल्याशिवाय ठराव लिहायचा नाही, एवढी दुरुस्ती झाली. शेखर वकील झाला. दर जानेवारीत तो अकोल्याहून येतो, तिसऱ्या रांगेत बसतो, ऐकतो आणि जेवायला न थांबता जातो. बोलत नाही. आत्ताही तिथेच आहे.

घंटी वाजली नाही अजून. आभारी आहे.

अध्यक्ष महोदय, सभा बंद करण्याचा निर्णय आपला आहे, आणि तो मला मान्य नाही. पण मला तसं म्हणण्याआधी आपलं म्हणणं सांगावं लागेल. चुकलं तर थांबवावं.

आपलं म्हणणं असं आहे. सभेत एका मुलाचा डोळा गेला. फळ्यावरची एक ओळ टपरीवर जायला तेव्हा दुपार लागली, आज फोनवर ती जाईपर्यंत वक्त्याचं वाक्यही पूर्ण होणार नाही. पंचवीस वर्षं सभा चालली ती सरांच्या अंगावर चालली. ते गेले की दारात उभं कोण राहणार? आपण तेव्हा नुसते संचालक होता. गोंधळ ऐकून आपणच धावत आला होता. शेखरला आपल्या जीपमधून आपणच नेलंत, त्याचं डोकं मांडीवर घेऊन, ड्रायव्हरला शिव्या देत. ती जीप आपण महिन्याभरात विकलीत आणि घरी कारण सांगितलं नाहीत. आपण भित्रे नाही. सभेत काही वाईट आहे असंही आपलं म्हणणं नाही. तसं डोकं पुन्हा मांडीवर घ्यायची आपली तयारी नाही, एवढंच आहे. आणि ज्याची तयारी नाही त्याने दुसऱ्यांच्या मुलांना तिथे बसवू नये, असं आपल्याला वाटतं.

असंच ना, गोवर्धनजी?

मान हलवून चालत नाही. सरांच्या सभेत तोंडाने म्हणावं लागतं.

‘बरोबर’. ऐकलं मी. मागेही ऐकू आलं असेल.

आता नियमाप्रमाणे पाळी माझी. गेले आठ दिवस मी माझं म्हणणं तयार करते आहे. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. काल लक्षात आलं ते का जमत नाही. मी बाकाखाली होते. सभा चालू राहावी असं मी म्हटलं तर ते दुसऱ्याच्या डोळ्याच्या जोरावर म्हटल्यासारखं होतं. आणि माझ्याआधी एकाची पाळी राहिलेली आहे. त्याने समोरच्याचं सांगून झालं, समोरचीने ‘बरोबर’ म्हणूनही झालं. त्याला स्वतःचं बोलायचं होतं. ते राहूनच गेलं.

तेव्हा माझी उरलेली मिनिटं मी पूर्वीच्या ठरावावरच्या विरोधी सदस्यांना देते. शेखर, तू काय बोलणार हे मला माहीत नाही, मी विचारलेलं नाही. सभा बंद करा म्हणालास तर मी त्यावर पुन्हा बोलायला उठणार नाही. चालू ठेवा म्हणालास तर अध्यक्षांना त्याचा विचार करावा लागेल. दुसऱ्या कोणाच्या बोलण्याने तो करावा लागणार नाही.

सरांना आणि भाभींना माझा नमस्कार. सर, निवृत्तीनंतर डाव्या हाताला विश्रांती द्या. अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि घंटीला हात लावला नाही, त्यांची मी ऋणी आहे. सत्यभामाबाई, आपल्या भाषणाची वेळ मी खाल्ली. सूचना मोडली, मर्यादाही थोडी मोडली असेल, बोलण्यात कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर पदरात घ्या. मी खाली बसते.

शेखर, ये. माइक जरा वर कर, तू उंच आहेस.